महात्मा जोतीराव फुले : पावसाचे पाणी अडवू पाहणारा माळी

आपल्या विद्यालयाच्या प्रार्थनागृहात तथागतांच्या मूर्तीच्या एका बाजूस परमपूज्य बाबासाहेबांची आणि दुसऱ्या बाजूस महात्मा जोतीराव फुले यांची तसबीर आहे. दरवर्षी 11 एप्रिलला या दुसऱ्या तसबिरीस हार घालण्याचा आणि तो हार आपल्याच बागेतील फुलांचा करण्याचा प्रघात आम्ही पाडला होता. वसतिगृहाच्या मागच्या मुरमाड माळावर लावलेली बाग तेव्हा दोनच वर्षांची होती. कडुनिंब, करंज, बकुळ, एक बोधिवृक्ष, कुंपणाला जास्वंद आणि मोगऱ्याचे दोन वाफे, एवढाच तिचा पसारा. 2015 चा पावसाळा सोलापूर जिल्ह्यावर रुसला आणि पुढच्या एप्रिलात हाराची वेळ आली तेव्हा बागेत फूल नव्हते. हार बाजारातून आणावा लागला. फुलांच्या मळ्यात वाढलेल्या पुरुषाला विकतचा हार घालताना आम्हां शिक्षकांना जी शरम वाटली, ती या लेखाचे निमित्त आहे.

स्मरणिकेत थोर पुरुषांची चरित्रे छापण्याची परंपरा आहे आणि जोतीरावांचे चरित्र आपल्या वाचकांना ठाऊक नाही असे म्हणणे धाडसाचे होईल. मुलींची पहिली शाळा, सत्यशोधक समाज, गुलामगिरी हा ग्रंथ, हे सारे आपल्या घराघरांत पोहोचले आहे. बाबासाहेबांनी ज्यांना गुरुस्थानी मानले त्या तिघांत बुद्ध आणि कबीर यांच्या जोडीला जोतीराव आहेत, आणि 1946 साली प्रसिद्ध झालेला शूद्रांविषयीचा आपला ग्रंथ बाबासाहेबांनी त्यांनाच अर्पण केला, हेही आपण जाणता. तरीही त्या चरित्राचा एक धागा आपल्याकडून नेहमी सुटतो, असे आम्हांस वाटते. तो पाण्याचा धागा आहे. बाग वाळल्यावर तो आमच्या हाती लागला.

जोतीरावांचे घराणे मूळचे सातारा जिल्ह्यातील कटगुणचे, आडनाव गोऱ्हे. तेथून हे कुटुंब पुरंदर तालुक्यातील खानवडीस आले. आजोबा शेटीबा यांना राणोजी, कृष्णा आणि गोविंद असे तीन मुलगे. हे तिघे पुण्यात फुलांच्या धंद्यात शिरले. पेशव्यांच्या वाड्यावर हार, गजरे, फुलांच्या गाद्या आणि गालिचे पुरवता पुरवता त्यांचे नाव इतके झाले की गोऱ्हे हे आडनाव मागे पडून लोक त्यांना फुले म्हणू लागले. फुलबागेसाठी पेशव्यांनी त्यांना पस्तीस एकर जमीन इनाम दिल्याचे चरित्रकार सांगतात. पुढे भाऊबंदकीमुळे गोविंदरावांच्या हाती त्यातले फारसे राहिले नाही. त्यांनी फुले आणि भाजीपाला यांवर प्रपंच चालवला. 11 एप्रिल 1827 रोजी जन्मलेले जोतीराव हे या गोविंदरावांचे धाकटे चिरंजीव. आई चिमणाबाई ते तान्हे असतानाच वारल्या आणि सगुणाबाई या नात्यातील बाईंनी त्यांना वाढवले.

पंतोजींच्या शाळेत चार अक्षरे शिकून झाल्यावर लोकांच्या सांगण्यावरून गोविंदरावांनी मुलाला शाळेतून काढले आणि मळ्यात घातले. शिक्षणातील हा खंड साधारण तीन वर्षांचा. चरित्रकार त्याचा उल्लेख हळहळून करतात, आणि ते योग्यच आहे. परंतु आम्ही हा खंड अलीकडे वेगळ्या दृष्टीने पाहू लागलो आहोत. ज्या मुलाने बारा-चौदा वर्षांचा असताना मोटेचे पाणी पाटातून वाफ्यात वळवले, दारे धरली, उन्हाळ्यात विहिरीचा तळ दिसू लागला की कोणता वाफा जगवायचा आणि कोणता सोडायचा याचा निर्णय घेताना बापाला पाहिले, त्याच मुलाने पुढे शेतकऱ्याच्या दारिद्र्याचे निदान लिहिले. हे शिक्षण त्याला कोणत्याही मिशनच्या शाळेत मिळाले नसते. मळ्यातला हा मुलगा रात्री दिव्यापाशी वाचत बसतो हे गफार बेग मुन्शी आणि लिजिट साहेब या शेजाऱ्यांच्या ध्यानी आले. त्यांनी गोविंदरावांची समजूत घातली आणि 1841 मध्ये जोतीराव स्कॉटिश मिशनच्या शाळेत दाखल झाले. त्याआधीच, 1840 मध्ये, नायगावच्या सावित्रीबाईंशी त्यांचा विवाह झाला होता.

यापुढचा भाग आपण जाणता म्हणून आम्ही तो भराभर सांगतो. 1848 मध्ये बुधवार पेठेतील भिडेवाड्यात मुलींची शाळा निघाली. लोकनिंदेच्या भयाने वडिलांनी मुलाला आणि सुनेला घराबाहेर काढले. त्यानंतरच्या चार-पाच वर्षांत महार-मांगांच्या मुलांसाठी शाळा निघाल्या, 1852 मध्ये सरकारने विश्रामबागवाड्यात जोतीरावांचा सत्कार केला, 1863 मध्ये फसवल्या गेलेल्या विधवांसाठी बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले. या सर्व कामांना पैसा लागे आणि तो जोतीरावांनी धंदा करून मिळवला. धातू ओतण्याच्या मुशी विकणे, भाजीपाला मुंबईला पाठवणे, बांधकामाचे ठेके घेणे, असे त्यांचे उद्योग होते. येरवड्याच्या पुलाच्या आणि खडकवासल्याच्या धरणाच्या कामाशी त्यांचा ठेकेदार म्हणून संबंध आला. धरणाचा दगड, चुना, मजुरांची हजेरी, इंजिनिअरांचे हिशेब आणि त्यांतील लबाड्या त्यांनी जवळून पाहिल्या. पाणी अडवण्यासाठी काय लागते आणि अडवलेले पाणी कोठे मुरते हे दोन्ही त्यांना ठाऊक होते.

आता 1868 सालाकडे वळू. त्या काळी पुण्याची तहान बव्हंशी कात्रजच्या तलावावर भागे. पेशवाईत बांधलेल्या त्या तलावात डोंगरावरचे पावसाचे पाणी साठे आणि दगडी नळातून ते शहरातील हौदांत येई. पाऊस सर्वांच्या शेतावर सारखाच पडे. हौदात उतरल्यावर मात्र त्याला जात लागे. अस्पृश्यांना सार्वजनिक हौदावर हात लावता येत नसे. कोणी वरून पाणी ओतले तर ओंजळीत घ्यावे, नाही तर घशाला कोरड घेऊन उभे राहावे. जोतीरावांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. गंज पेठेतील त्यांच्या वाड्यात गेलेल्या आमच्या सहलीतील मुलांनी तेथील पाण्याच्या आडाभोवती उभे राहून आत वाकून पाहिले आहे. काही मुलांचे आजी-आजोबा अजून गावविहिरीच्या गोष्टी सांगतात, त्यामुळे त्यांना फार समजावून सांगावे लागले नाही. या घटनेनंतर एकोणसाठ वर्षांनी, 20 मार्च 1927 रोजी, बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. हौदापासून तळ्यापर्यंतचा हा मार्ग आपल्या समाजाच्या इतिहासाचा कणा आहे.

24 सप्टेंबर 1873 रोजी सत्यशोधक समाजाची स्थापना झाली. तीन वर्षांनी, 1876 मध्ये, दख्खनचा परतीचा पाऊस आलाच नाही. सोलापूरच्या वाचकांना हा दुष्काळ परका नाही, कारण मुंबई इलाख्यातील ज्या जिल्ह्यांना त्याने सर्वांत अधिक पोळले त्यांत सोलापूर होते. जनावरे दावणीला मेली, विहिरी आटल्या, माणसे निजामाच्या मुलखाकडे आणि वऱ्हाडाकडे चालू लागली. सरकारने खडी फोडण्याची आणि तलावांची कामे काढली. शहराच्या उत्तरेस आदिला नदीवर बांधलेला एकरुखचा तलाव, ज्याला आपण हिप्परग्याचा तलाव म्हणतो, तो 1871 च्या सुमारास पुरा झाला होता. माढा भागात आष्टीच्या तलावावर याच दुष्काळातील भुकेली माणसे राबली. दोन्ही तलाव आजही आहेत. हिप्परग्याच्या पाण्यावरून पक्षी पाहायला मुले जातात तेव्हा त्यांना या तलावांच्या बांधांतील घामाची गोष्ट सांगावी, अशी आमची शिक्षकबंधूंना विनंती आहे.

या दुष्काळात जोतीराव-सावित्रीबाईंनी काय केले? सत्यशोधक समाजाने पुण्याजवळ धनकवडी येथे अनाथ आणि उपाशी मुलांसाठी व्हिक्टोरिया बालाश्रम काढला. 17 मे 1877 रोजी जोतीरावांनी मदतीचे आवाहन प्रसिद्ध केले. गावोगाव धान्य आणि पैसा जमवून पोरांना भाकरी घालणे हे काम महिनोन्‌महिने चालले. सावित्रीबाई त्या वेळी जुन्नर तालुक्यातील ओतूर परिसरात होत्या. तेथून 20 एप्रिल 1877 रोजी त्यांनी पतीस लिहिलेले पत्र उपलब्ध आहे. पाण्यावाचून तडफडणारी जनावरे, गाव सोडणारी माणसे, कार्यकर्त्यांची धावपळ, हे सारे त्यात आहे. ते पत्र मुलींच्या वसतिगृहात वाचून दाखवले असता एकही मुलगी जागची हलली नव्हती.

येथे थोडे विषयांतर केले तर वाचकांनी क्षमा करावी. ज्या जुन्नर परिसरात सावित्रीबाई दुष्काळ पाहत हिंडत होत्या, तेथील डोंगरांत आपल्या भिक्खू संघाची लेणी आहेत. त्या लेण्यांच्या दाराशी कातळात खोदलेली पाण्याची टाकी दिसतात. जुन्या शिलालेखांत त्यांना पोढी म्हटले आहे. पोढी दान करणाऱ्या उपासकांची नावे दगडावर कोरलेली आहेत. पावसाळ्यात कड्यावरून ओघळणारे पाणी खोबणीतून या पोढ्यांत जाई आणि वर्षावासानंतरही तेथे राहणाऱ्या भिक्खूंना पुरे. मुंबईजवळ कान्हेरीला तर लेण्यागणिक टाके आहे. दोन हजार वर्षांपूर्वी ज्या डोंगरावरील माणसांनी छताचे पाणी दाराशी साठवले, त्याच डोंगराच्या पायथ्याची गावे 1877 मध्ये तहानलेली होती. विद्या गेली की काय होते, हे जोतीराव आयुष्यभर सांगत होते. पाण्याची विद्याही त्यात आली, असे आम्ही समजतो.

दुष्काळाच्या त्या वर्षांत, 1876 ते 1882 या काळात, जोतीराव पुणे नगरपालिकेचे सभासद होते. व्हाइसरॉय लिटन यांच्या स्वागतावर पैसा उधळण्यास सभागृहात त्यांनी एकट्याने विरोध केल्याचे प्रसिद्ध आहे. तो पैसा गोरगरिबांच्या शिक्षणास द्यावा, असे त्यांचे म्हणणे होते. याच सुमारास खडकवासल्याच्या कालव्याचे पाणी पुण्याच्या पूर्वेकडील गावांना मिळू लागले. ते पाणी घ्यायला शेतकरी बिचकत. पट्टी वाढेल, जमीन बिघडेल, सरकार काही तरी गोम काढील, अशा नाना शंका. जोतीरावांनी मांजरी परिसरात जमीन घेऊन त्या पाण्यावर बागायत करून दाखवली. उपदेश करण्यापूर्वी स्वतःच्या शेतात दारे धरणारा हा सुधारक होता.

आणि मग 1883 आले. त्या वर्षीच्या 18 जुलैस त्यांनी शेतकऱ्याचा असूड पुरा केला. पुस्तकाची पाच प्रकरणे. पुणे, मुंबई, ठाणे, जुन्नर, ओतूर, हडपसर अशा ठिकाणी त्यांनी ते लोकांना वाचून दाखवले. बडोद्यास सयाजीराव महाराजांनीही ते ऐकले. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या दीनबंधूत पहिली दोन प्रकरणे आली आणि पुढची छापायला लोखंड्यांसारखा निकटचा सहकारीही कचरला. सरकारवरील टीका इतकी धारदार होती. संपूर्ण पुस्तक जोतीरावांच्या हयातीत छापून निघाले नाही. आपल्या ग्रंथालयातील प्रत बहुधा पहिल्या चार प्रकरणांसाठीच वाचली जाते, कारण शोषणाचे वर्णन तेथे आहे. पाचवे प्रकरण उपायांचे, आणि तिकडे विद्यार्थी वळत नाहीत. बाग वाळल्यानंतरच्या मे महिन्यात आम्ही काही जण ते पाचवे प्रकरण घेऊन बसलो.

त्यात जोतीराव मळेकऱ्याच्या नजरेने पाऊस पाहतात. डोंगरावर झाडांचा पाला, गवत, मेलेल्या किड्यामुंग्यांची कुजकट असते. पाऊस ती धुऊन शेतात आणतो आणि हेच जमिनीचे खत. पाऊस धावत सुटला तर शेताचे खत आणि माती घेऊन तो नदीला मिळतो, आणि शेत रोडावते. यावर त्यांचा उपाय असा की सरकारने रिकामे बसणारे पोलीस आणि लष्करातील शिपाई यांच्याकडून जागोजाग ताली आणि लहान बांध घालून घ्यावेत. ते अशा बेताने घालावेत की पाणी शेताशेतांतून मुरत मुरत मग ओढ्याला जाऊन मिळावे. जुनी तळी दुरुस्त करावीत, डोंगरांच्या दऱ्याखोऱ्यांत नवी तळी शक्य तितकी बांधावीत. म्हणजे भर उन्हाळ्यात ओढे वाहतील, लहान धरणे चालतील आणि खालच्या विहिरींना झरे फुटतील. नद्या-तळ्यांतील गाळ शेतकऱ्यांना पूर्वीसारखा फुकट न्यावा द्यावा. सरकारने बळकावलेली गायराने गावांना परत करावीत. पाणाडे लावून प्रत्येक गावच्या शिवारात कोठे झरे आहेत ते गावच्या नकाशावर नोंदवावे आणि सरकारी मदतीवाचून विहीर पाडणाऱ्या शेतकऱ्याला बक्षीस द्यावे.

शिपायांकडून बांध घालून घेण्याच्या कल्पनेवर त्या वेळचे पांढरपेशे वाचक हसले असतील. आमच्यातीलही एक-दोघे प्रथम हसले. परंतु मातीचे बांध, पाझर, विहिरींचे पुनर्भरण, गाळ काढून शेतात टाकणे, ही आजच्या जलयुक्त शिवारासारख्या योजनांची भाषा 1883 मध्ये एका माळ्याच्या मुलाने लिहून ठेवली होती, याचे मोल त्या हसण्याने कमी होत नाही. एका ठिकाणी आमचे जोतीरावांशी मतभेद आहेत, तेही सांगून टाकतो. सरकारने मनावर घेतले की हे सारे होईल, अशी त्यांची बरीच भिस्त होती. गावाने आपण होऊन काय करावे याविषयी त्या प्रकरणात तुलनेने थोडे आहे. अर्थात ज्या गावात पाण्याची मालकी मूठभरांकडे आणि कष्ट बाकीच्यांकडे, तेथे गावावर भिस्त ठेवणे त्यांना जड गेले असेल, तर त्यांना दोष देणे अवघड आहे.

त्या प्रकरणातील आणखी एक सूचना आमच्या विशेष कामी आली. पाटबंधारे खात्याचे अधिकारी पट्टी वसूल करतात आणि पाणी वेळेवर देत नाहीत, मग पिके वाळतात, ही तक्रार करून जोतीरावांनी मागणी केली की प्रत्येक शेतकऱ्याच्या वाट्याच्या पाण्याला तोटी बसवावी आणि गरजेपुरते मोजून पाणी द्यावे. मोजलेले पाणी न्यायाचे असते, कारण त्यात वजनदार माणसाला पळवाट राहत नाही. आमच्या बागेत आम्ही काय केले होते? टँकर आला की ज्या वर्गाची मुले दांडगी ती आपल्या झाडांना बादल्या ओतत आणि लहान वर्गांची झाडे कोरडी राहत. एका झाडाखाली डबके, दुसऱ्याखाली भेगा. बाग दुष्काळाने मेली असे आम्ही त्या वर्षी सर्वांना सांगितले. ते अर्धेच खरे होते. विंधनविहिरीच्या आणि टँकरच्या भरवशावर आम्ही आदल्या दोन पावसाळ्यांचे पाणी छपरावरून, माळावरून, डोळ्यांदेखत फाटकाबाहेर वाहू दिले होते.

पालकांपैकी बरेच जण कोरडवाहू शेतकरी आहेत, म्हणून पुढचा हिशेब थोडा तपशिलाने देतो. आपल्या जिल्ह्याची वर्षाची सरासरी साधारण पाचशे ते सहाशे मिलिमीटर. एक मिलिमीटर पाऊस एक चौरस मीटर छपरावर पडला की एक लिटर पाणी होते. भोजनगृहाचे पत्र्याचे छप्पर ऐंशी फूट लांब आणि तीस फूट रुंद, म्हणजे सुमारे 223 चौरस मीटर. पाचशे मिलिमीटर पाऊस धरला तर त्यावर 1 लाख 11 हजार लिटर पाणी पडते. सांडलवंड आणि उन्हाने उडणारे वजा केले तरी 85 ते 90 हजार लिटर हाती यावे. रोपाला पहिली दोन वर्षे आठवड्यास दहा लिटर मुळाशी मिळाले तर ते तगते. नोव्हेंबरपासून जूनच्या मध्यापर्यंत तीस आठवडे धरले, तर एका रोपास तीनशे लिटर. याचा अर्थ चाळीस हजार लिटरच्या टाक्यावर 130 रोपे उन्हाळा काढू शकतात. पाच मीटर लांब, चार मीटर रुंद आणि दोन मीटर खोल असे टाके माजी विद्यार्थ्यांच्या देणगीतून आणि सुट्टीत आलेल्या गवंडीकाम जाणणाऱ्या पालकांच्या श्रमातून उभे राहिले. छपराच्या कडेला पन्हळ बसवली, तिच्या तोंडाशी जाळी आणि वाळू-खडीचा गाळण्याचा हौद केला. मोसमातील पहिला पाऊस छप्पर धुण्यासाठी बाहेर सोडायचा आणि नंतरचा आत घ्यायचा. टाक्यावर फरशी घालून ते बंद केले, म्हणजे ऊन आणि डास दोहोंपासून पाणी सुरक्षित. भरून वाहू लागले की जादा पाणी जुन्या विहिरीशेजारच्या खड्ड्यात मुरते.

माळाच्या उतारावर आडव्या ताली घातल्या, त्या मात्र पूर्णपणे जोतीरावांच्या सांगण्याप्रमाणे, म्हणजे पाणी अडून न राहता मुरत पुढे सरकेल अशा. पहिल्याच जोराच्या पावसात दोन ताली फुटल्या, कारण सांडव्याची जागा ठेवायला आम्ही विसरलो होतो. एका पालकांनी ते पाहून दगड रचून सांडवा कसा काढायचा हे शिकवले. झाडांच्या आळ्यांत वाळला पाला आणि उसाचे पाचट अंथरले. लहान रोपांशेजारी बुडाला बारीक भोक पाडून वात घातलेले मडके गळ्यापर्यंत पुरले. ते भरून वर झाकणी ठेवली की पाणी थेंबाथेंबाने मुळाशी जाते. आणि टाक्याला एकच तोटी ठेवली. प्रत्येक वर्गाला पाच लिटरचा एक डबा. पाचवीच्या मुलालाही तोच आणि दहावीच्या मुलालाही तोच. वही एका मुलीच्या हाती असते. ती ज्याच्या नावापुढे खूण करील त्यालाच पाणी. मुले तिला गमतीने पाटकरी म्हणतात.

जोतीरावांच्या आयुष्याची शेवटची वर्षे सांगून हा लेख पुरा करतो. 2 मार्च 1888 रोजी पुण्यात ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्या सन्मानार्थ मेजवानी झाली तेव्हा जोतीराव शेतकऱ्याच्या वेषात, पागोटे आणि घोंगडी अशा थाटात, तेथे गेले आणि राणीच्या त्या मुलाला त्यांनी सांगितले की हिंदुस्थानची खरी प्रजा या दिवाणखान्यात नाही, ती खेड्यांत आहे. त्याच वर्षी 11 मे रोजी मुंबईत जनतेने त्यांना महात्मा ही पदवी दिली. त्यानंतर पक्षाघाताने उजवे अंग गेले. त्यांनी डाव्या हाताने लिहून सार्वजनिक सत्यधर्म पुरा केला. तो 1891 मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झाला. उत्पन्नाची साधने आटली होती, औषधपाण्याला मित्रांकडून मदत घ्यावी लागत होती. 28 नोव्हेंबर 1890 रोजी त्यांनी देह ठेवला. अंत्ययात्रेत टिटवे कोणी धरायचे यावरून भाऊबंदांनी वाद घातला, तेव्हा सावित्रीबाई स्वतः ते मातीचे मडके हाती घेऊन पुढे चालल्या. पुढे 1897 मध्ये प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता त्याही गेल्या.

2016 च्या त्या उन्हाळ्यात गेलेल्या झाडांच्या जागी नवी लावली आहेत. बोधिवृक्ष मेला असे समजून आम्ही त्याचा खुंट तसाच ठेवला होता. श्रावणात त्याच्या बुंध्यातून तांबूस पालवी फुटली आणि आता त्याची सावली प्रार्थनागृहाच्या पायरीपर्यंत येते. स्मरणिकेचा मजकूर छापखान्यात जाण्याआधी वही सांभाळणाऱ्या मुलीला आम्ही टाक्यात काठी घालून पाणी मोजायला सांगितले. काठी सव्वा मीटरपर्यंत ओली निघाली. म्हणजे पंचवीस हजार लिटर. मोगऱ्याला कळ्या आहेत, आणि 11 एप्रिलला अजून तीन आठवडे आहेत.